शुल्क : शून्य

पहाटे साडेपाचला दुकान उघडते मी.
आधी गांडुळांचा फ्रिज, मग कॉफी, मग दिवा.
खिडकीतून तळं अजून दिसत नाही,
नुसता त्याचा गारठा दाराच्या फटीतून आत येतो
आणि गल्ल्यातल्या नाण्यांवर बसून राहतो.

राज्याच्या कचेरीतून नवा फलक आलाय, गुंडाळी होऊन.
उलगडला की परत वळतो, झोपमोड झालेल्या मांजरासारखा.
चारी कोपऱ्यांवर शिशाची वजनं ठेवली तेव्हा वाचता आला :
अठरा पुरी होईपर्यंत मासेमारीच्या परवान्याला फी नाही.
फी नाही. परवाना आहेच.
हे समजावण्यात माझा अर्धा मे महिना गेला.

"फुकट तर मग कागद कशाला?"
यार्वी लाम्पीने विचारलं. चाळीस वर्षं
तो इथे फुकट कॉफी पितो.
"मोजायला," मी म्हटलं.
"मासे?"
"पोरं."
यावर तो हसला नाही.
खाण बंद झाल्यापासून शाळेची एकच बस येते,
तीही मागच्या सीटा रिकाम्या घेऊन.

तीन वर्षांपूर्वी इथेच, या काउंटरपाशी,
एल्मर हुहटाने पायमोज्यातून पैसे काढले होते.
सोळा वर्षांचा. मनगटं शर्टाच्या बाहेर आलेली.
सव्वीस लागत होते. त्याने तीनदा मोजले.
सहा डॉलर साठ सेंट कमी.
"शुक्रवारी ये," मी म्हटलं.
नियम माझा नव्हता, पण आवाज माझाच होता.
आणि कॉफीच्या पैशांची बरणी
माझ्या कोपराशी, गळ्यापर्यंत भरलेली.

शुक्रवारी तो आला नाही.
गुरुवारीच रेल्वेपुलाखाली सापडला,
दोन वॉलाय आणि मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेली काठी.
दंड फीच्या सातपट. काठी जप्त.
मासे परत पाण्यात सोडले म्हणे, मेलेलेच.
त्यानंतर तो माझ्या दुकानाची पायरी चढला नाही.
पेट्रोल पंपावर दिसतो. माझ्या गाडीची काच पुसतो,
काचेतून माझ्याकडे न बघता.
आता एकोणीसचा आहे. फलक त्याच्यासाठी उशिरा आला.

आज त्याची बहीण आली. मारेट. बारा वर्षं,
गुडघ्यावर वाळलेलं रक्त, आणि ते तिच्या गावीही नाही.
मी फॉर्म भरायला घेतला. नाव. उंची.
डोळ्यांचा रंग?
"माहीत नाही," ती म्हणाली. "आई म्हणते चिखली."
मग काउंटरवरून वाकून मला बघावं लागलं,
चष्मा कपाळावर सरकवून, नीट, उजेडाकडे वळवून.
इतकी वर्षं परवाने फाडले, सगळ्यांचे डोळे
ते सांगतील तसे लिहिले.
घारे. कडेला हिरवट, शेवाळ लागल्यासारखे.
त्याचेही असेच असणार. मी बघितलेच नव्हते.

मशीन कुरकुरलं, पट्टी बाहेर आली :
एकूण ०.००.
तिने तरीही घामेजलेल्या नोटांची घडी पुढे सरकवली.
"दादाने दिलेत. तो म्हणाला,
घेणार नाहीत असं होणारच नाही."

मी घडी तशीच परत सरकवली.
तिने तिथल्या तिथे गांडुळांचे दोन डबे घेतले, जाडी बघून,
एकेक उघडून, नाक मुरडून, खात्री करून.
पैसे पुरले. थोडे उरलेही.

बाहेर ट्रकचं इंजिन चालू होतं.
आत कोण बसलंय ते धुक्यात दिसत नव्हतं,
वायपर मात्र कोरड्या काचेवर उगाच फिरत होता.

दाराशी जाऊन ती परत आली.
"या कागदावर अजून एक जण चालतो का?"
"नाही."
"आणि नुसता शेजारी बसला तर?"

मी यार्वीकडे बघितलं. तो कपात बघत होता.
"बसायला," मी म्हटलं, "परवाना लागत नाही.
सांग त्याला. सांग, दुकानवालीने सांगितलंय."

घंटा वाजली, दार आपटलं,
एका कोपऱ्यावरचं वजन घरंगळलं
आणि फलक पुन्हा हळूहळू वळू लागला.